उभय, विलग आणि गोविंदाची बोट

मेडशी,
कार्तिक वद्य तृतीया, गुरुवार

श्री. माणिकराव साडूभाऊ यांच्या सेवेशी,

मेडशीहून शालिग्रामचा, दोन्ही हात जोडून आणि त्यांतील उजवा हात ग्रीसने काळा असल्याबद्दल आधीच क्षमा मागून, आदरपूर्वक नमस्कार.

केनवडला सर्व मंडळी सुखरूप असतील, अशी आशा करतो. सौ. अक्कांचा गुडघा, तुमचा रक्तदाब, पांढऱ्या बैलाचा खूर यांची चौकशी तुमच्या मेहुणीबाईंनी माझ्याकरवी केली आहे. माझ्या स्वतःच्या वतीने मी ट्रॅक्टरच्या प्रकृतीची चौकशी करतो (ती शेवटी केली म्हणून काळजी कमी आहे, असे समजू नये). अक्कांनी फोनवर सांगितले, की दिवाळीच्या आधीपासून तो किल्लीला दाद देत नाही, रोज सकाळी चौघांनी ढकलून देवळापुढच्या उतारावर न्यावा लागतो आणि उताराला लागला, की मात्र तक्रार न करता दिवसभर चालतो. रिसोडहून आलेल्या मिस्त्रीने बॅटरी बसल्याचे निदान केले, तेव्हा तुम्ही त्याला “बॅटरी मागच्या सालची नवी हाय, ते कायले बसंन? तूच बस गुमान!” असे म्हणालात, हेही कळले. तुमचा बॅटरीवरील हा विश्वास पाहून माझे मन भरून आले. विजेच्या व्यवहारात घाईने कोणावर संशय घेऊ नये, हे तत्त्व मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील विजतंत्री विभागात एकतीस वर्षे शिकवले. तुम्ही ते न शिकता आचरत आहात.

हे सगळे फोनवर का सांगितले नाही, असे तुम्ही विचाराल. फोनवर मी ‘विद्युतप्रवाह’ हा शब्द उच्चारला, की तुमच्याकडे नेमका कोणीतरी पाहुणा येतो, असा गेल्या बारा वर्षांचा अनुभव आहे. शिवाय विषय असा आहे, की तो सावकाश, क्रमाने आणि एकही ओळ न गाळता वाचला पाहिजे. म्हणून पत्र गोविंदाच्या हाती पाठवतो आहे. गोविंदा हा आमच्या तलावावरचा नावाडी, वय चाळीस, स्वभावाने फार भिडस्त. तो घरात बसणार नाही. त्याला ट्रॅक्टरच्या शेडमध्ये सावलीला बसू द्यावे आणि तुम्ही ओसरीवर, शेडकडे पाठ करून बसावे, म्हणजे अक्षरांवर उजेड चांगला पडेल. मध्ये काही खडखड ऐकू आल्यास लक्ष देऊ नये. त्याचा जेवणाचा डबा ॲल्युमिनियमचा आहे.

आता मूळ विषय. मेडशीजवळचा आमचा तलाव यंदा काठोकाठ भरला आहे. गावातील चाळीस कुटुंबांची शेते पलीकडच्या काठाला आहेत. सडकेने जायचे तर अठरा किलोमीटर आणि पाण्यावरून जायचे तर वीस मिनिटे. आजवर बादल नावाचा गृहस्थ प्लॅस्टिकच्या पिंपांवर फळ्या बांधून केलेल्या तराफ्यातून लोकांना ने-आण करीत असे. गोविंदाने (जो माझ्याच संस्थेत, पण शेजारच्या वेल्डिंगच्या विभागात शिकला) दोन वर्षे खपून लोखंडी पत्र्याची एक खरी बोट बांधली, तिच्यावर डिझेल इंजिन बसवले आणि ग्रामपंचायतीकडे अर्ज केला, की या हंगामाची फेरी मला द्यावी. सरपंच रंगूबाईंनी सांगितले, की आधी चाचणी होईल. बोट सरपंचांना पलीकडे नेऊन परत आणील, तर फेरी गोविंदाची. नाही तर फेरी बादलची आणि बोट गुरांना पाणी प्यायला. हरभऱ्याच्या पेरणीचे दिवस. यंदाची फेरी गेली, तर गोविंदाला पुन्हा लोकांच्या दारांच्या जाळ्या वेल्ड करीत गावोगाव फिरावे लागेल. त्यामुळे तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “सर, बोट बांधली म्या, पण वायरिंग पाह्यलं का डोकं भनभन करते. तुमी या.” साडूभाऊ, निवृत्त शिक्षकाला ‘तुम्ही या’ असे कोणी म्हणाले, की काय होते, ते निवृत्त झाल्याशिवाय कळत नाही. मी चपला न घालता गेलो.

बोटीवर दोन बॅटऱ्या हव्यात, हा माझा पहिला निर्णय. तुम्ही शेतकरी आहात, तुम्हाला हे एका वाक्यात पटेल. घरात बियाण्याचे धान्य आणि खाण्याचे धान्य आपण एका कोठीत ठेवत नाही. पाहुण्यांची रीघ लागली, म्हणून बियाणे दळून कोणी भाकरी करीत नाही. तशी बोटीत एक बॅटरी फक्त इंजिन सुरू करण्यापुरती राखून ठेवायची. ते बियाणे. दुसरी दिव्यांना, भोंग्याला, गाण्यांना आणि प्रवाशांच्या मोबाइलला. ते खाणे. (पहिली बॅटरी गोविंदाची होती. दुसरी, अतिशय उत्तम स्थितीतील, एका उदार मनाच्या नातेवाइकाकडून विज्ञानाच्या सेवेसाठी लाभली. त्यांना प्रसिद्धीची आवड नसल्याने नाव योग्य ठिकाणी येईल.) आता या दोन कोठ्यांपैकी कोणती केव्हा उघडायची, हे ठरवणारे एक दार लागते. ते दार म्हणजे बॅटरीचा स्विच. साडूभाऊ, जगात लोक मोटर पाहतात, पंखा पाहतात, दिवा पाहतात, पण स्विचकडे कोणी प्रेमाने पाहत नाही. मला त्याचे फार वाईट वाटते.

गोविंदाने माझ्या आधी स्वतःच्या बुद्धीने पंख्याचे बटण बसवले होते. इंजिन सुरू करताच ते पापडासारखे फुगले आणि पापडासारखेच तडतडले. मग त्याने विहिरीवरच्या पंपाचा दांडीवाला मेन स्विच आणला. तो बोटीत ठेवल्यावर एका प्रवाशाची जागा गेली आणि त्याच्यावर कोंबडी बसू लागली. मी त्याला समजावले, की स्विच निवडताना त्यावरचे दोन आकडे पाहायचे असतात: दिवसभर सतत किती प्रवाह वाहून नेईल, हा एक आणि इंजिन सुरू होतानाचे चार-पाच सेकंद किती सोसेल, हा दुसरा. पुलाला रोजची रहदारी झेपते, म्हणून पोळ्याच्या दिवशी सगळ्या गावाचे बैल एकदम त्यावर उभे केले तर झेपतील, असे नाही. स्टार्टर हा रोज सकाळी पोळा करतो. गोविंदा म्हणाला, “मंग सर, कोंबडीवाला का वाईट होता?” त्यावर मी एक तास बोललो. (तो तास तुमच्यासाठी वेगळ्या कागदावर लिहून जोडला आहे. तोही आजच वाचावा.)

शेवटी शेलूबाजारच्या केशरीचंद शेठजींमार्फत एक लाल, गोल, फिरवायचा स्विच मागवला. शेठजी बियाण्याचे आणि शेतीच्या सुट्या भागांचे व्यापारी. गोविंदाची बोट चालली, तर पलीकडच्या काठाचे बियाण्याचे गिऱ्हाईक त्यांना वीस मिनिटांत मिळणार होते. त्यामुळे त्यांनी आमच्या प्रयोगात स्वतः लक्ष घातले. स्विच आला, तेव्हा मी तो दोन दिवस उशाशी ठेवला. त्याला चार जागा असतात: एकीकडे पहिली बॅटरी, एकीकडे दुसरी, या दोहोंच्या मध्ये दोन्ही एकदम आणि त्याच्या समोर काहीच नाही, म्हणजे पूर्ण बंद. यातील सौंदर्य पाहा! पहिलीवरून दुसरीकडे जाताना वाट ‘दोन्ही’च्या घरावरून जाते, त्यामुळे प्रवाह क्षणभरही तुटत नाही. जुन्या कारभाऱ्याने नव्या कारभाऱ्याच्या हाती किल्ल्या देईपर्यंत दोघेही दारात उभे राहावेत, तसे. मी हे तुमच्या मेहुणीबाईंना रात्रीच्या जेवणात वाट्या मांडून दाखवले. त्यांनी वरणाची वाटी ‘बंद’च्या जागेवरून उचलून नेली.

स्विच कुठे बसवावा, यातही शास्त्र आहे. तो बॅटरीच्या जवळ हवा, म्हणजे जाड तार आखूड राहते. पण थेट बॅटरीच्या डोक्यावर नको, कारण चार्जिंग होताना बॅटरीतून वायू निघतो आणि त्या वायूला ठिणगी दाखवणे चांगले नाही. फळ्या न उचलता हात पोचला पाहिजे. शिवाय नावेत शिरलेले पाणी उपसणारा पंप मात्र स्विचवरून न घेता, वेगळ्या फ्यूजमधून थेट बॅटरीला जोडायचा, म्हणजे सर्व काही बंद करून माणसे घरी गेली, तरी बोट बुडत नाही. हे सगळे मी काटेकोरपणे केले. एकच गोष्ट राहिली. स्विचचा दांडा बाहेर डोकावणारा होता आणि बरोबर कमरेच्या उंचीवर होता. सरावाच्या दिवशी शेठजी बोटीत चढले, त्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि डब्याची पिशवी त्या दांड्याला अडकवली. पिशवीच्या वजनाने दांडा वळला, इंजिन सुरू होईना आणि मी पाऊण तास प्रत्येक जोड तपासत असताना शेठजी पलीकडे बसून “सर, गाडी चालू झाली, तर जेवून घेऊ म्हणतो,” असे सांगत होते. तेव्हा ध्यानात ठेवावे, की स्विचचा दांडा आत बुडालेला किंवा काढून खिशात ठेवता येणारा असावा. खुंटीसारखी दिसणारी वस्तू वऱ्हाडात कधीच रिकामी राहत नाही.

आता मुख्य अपघात. स्विचवरची अक्षरे इंग्रजीत होती. मराठी मुलखातील मराठी तलावावरच्या बोटीत इंग्रजी अक्षरे मला सहन होईनात. मी पांढरा ऑइलपेंट आणून, पट्टी लावून, सुवाच्य अक्षरांत चारही जागांवर शुद्ध मराठी शब्द लिहिले: ‘प्रथम’, ‘उभय’, ‘द्वितीय’, ‘विलग’. उभय म्हणजे दोन्ही, विलग म्हणजे संबंध तोडलेली. शब्द कसे नेमके, कसे भारदस्त! मग गोविंदाला तीन पाठ दिले. पैकी सर्वांत महत्त्वाचा नियम सात वेळा म्हणून घेतला: इंजिन चालू असताना दांडा कधीही ‘विलग’वर न्यायचा नाही. कारण इंजिनावर अल्टरनेटर नावाचे वीज निर्माण करणारे यंत्र असते आणि त्याने केलेली वीज बॅटरीत जात असते. वाटच एकाएकी तोडली, तर त्या विजेने जायचे कुठे? मोटरचे पाणी जोरात सुटले असताना पाइपाच्या तोंडावर पाय दिला, की पाइप जसा मागे कुठेतरी फुटतो, तसे अल्टरनेटरच्या पोटातील नाजूक भाग जळतात. गोविंदाने सातही वेळा “हो सर” म्हटले. माझ्या एकतीस वर्षांच्या अनुभवात “हो सर” या उत्तराने मी कधीच समाधान मानले नाही. याच एका वेळी मानले.

चाचणी गेल्या सोमवारी होती. आदल्या संध्याकाळी गोविंदाने बोटीला रंगीत दिव्यांच्या माळा लावल्या, काठाला आणून बांधली आणि माझ्या सूचनेप्रमाणे, म्हणजे स्वतःच्या समजुतीप्रमाणे, दांडा जागेवर ठेवून गेला. कोणती ही जागा, ते पुढे कळेल. सकाळी रंगूबाई सरपंच आल्या, शेठजी हरभऱ्याच्या बियाण्याची दोन पोती घेऊन आले आणि मी इस्त्रीचा सदरा घालून आलो. गोविंदाच्या बायकोने बोटीला हळदकुंकू वाहिले. किल्ली फिरवली, तर इंजिन पहिल्यांदा नुसते कण्हले, दुसऱ्यांदा खोकले आणि तिसऱ्यांदा कसेबसे सुरू झाले. टाळ्या पडल्या. मला ते कण्हणे खटकले होते, हे मी येथे लेखी नमूद करतो.

तलावाच्या बरोबर मध्यावर आल्यावर गोविंदाला वाटले, की आता सरपंचांच्या स्वागताचे गाणे लावावे. त्याने दांडा मोठ्या रुबाबात फिरवला आणि सरळ ‘विलग’वर नेऊन ठेवला. गाणे लागले नाही. त्याऐवजी इंजिनाच्या बाजूने असा वास आला, की जणू कोणी रबरी चप्पल चुलीत घातली आहे. रंगूबाई बसल्या जागेवरून उठल्या. “अवो सर, हे काय जळून राह्यलं? उभी करा! बोट उभी करा पह्यले!” गोविंदा आज्ञाधारक माणूस. त्याने इंजिन बंद करायची तार ओढली आणि दांडा तितक्याच रुबाबात ‘उभय’वर आणला. सगळीकडे शांतता झाली. पाणकोंबड्या ऐकू येऊ लागल्या. वास विरल्यावर मी धीर देत म्हटले, आता पुन्हा सुरू करू. किल्ली फिरवली. इंजिनातून ‘टक्’ असा एकच आवाज आला, जणू कोणी ‘बाहेर येत नाही’ म्हणून आतून कडी लावली.

मी गोविंदाला विचारले, की रात्री दांडा कुठे ठेवला होता. तो म्हणाला, “तुमी लिहेल हाय तिथंच, सर. उभीवर.” मी म्हटले, उभी कुठे आहे? त्याने ‘उभय’वर बोट ठेवले. “हे काय! उभी. बोट उभी केली, का दांडा उभीवर. रातभर उभीच होती ना.” साडूभाऊ, आपल्याकडे गाडी थांबवत नाहीत, उभी करतात, हे मी जन्मापासून जाणतो. मग मी विचारले, की विलग म्हणजे तुला काय वाटले? “वी म्हंजे वीज. लग म्हंजे लाग. वीज लाग! गाणं लावाचं होतं, म्हून वीज लावली.” मी म्हणालो, अरे, सात वेळा म्हणवून घेतले ना, की इंजिन चालू असताना विलगवर न्यायचे नाही? तो म्हणाला, “हो सर. पण तुमी ‘विलगवर’ म्हनत होते, अन् म्या समजलो, का हे एखाद्या जागेचं नाव हाय. शेलूबाजार, तसं विलगवर. आपल्याले तिकडं जायाचंच नाई, त मनात म्हनलं हो म्हनून टाकू.”

माझ्या लक्षात सगळे आले. बोट उभी केल्याबरोबर या भल्या माणसाने दोन्ही कोठ्यांची दारे उघडी टाकली होती आणि दिव्यांच्या माळांनी रात्रभर बियाणे आणि खाणे दोन्ही फस्त केले होते. सकाळी जो काही चिमूटभर जीव उरला होता, तो पहिल्याच सुरुवातीत संपला आणि भर पाण्यात अल्टरनेटरही जळाला. वल्ही बोटीत नव्हती. (वल्ही ठेवू या, असे गोविंदा म्हणाला होता. दोन बॅटऱ्या असताना वल्ही ठेवणे हा बॅटरीचा अपमान आहे, असे मी म्हणालो होतो. हे वाक्य सरपंचांना आठवत होते.)

पुढचे दोन तास मी उपस्थितांना बॅटरी या विषयावर मार्गदर्शन केले. मला वाटते, लोक प्रथमच इतके एकाग्र होते, कारण उठून जाण्यासारखी जागा नव्हती. शेठजींनी डबा उघडला. तेवढ्यात बादलचा तराफा चार बायका आणि एक बकरी घेऊन शेजारून गेला. बादलने वल्हे थांबवून अत्यंत आदराने विचारले, “काय सर, उभे काहून? कोनाची वाट पाहून राह्यले?” मी म्हटले, स्विचमध्ये किरकोळ दोष आहे. तो म्हणाला, “माह्या तराफ्याले दोनच बटनं. एक ह्या हातात, एक त्या हातात. दोनी संगंच चालू, दोनी संगंच बंद.” साडूभाऊ, हे ‘उभय’चे इतके अचूक विवरण होते, की मी नकळत “बरोबर!” म्हणालो. रंगूबाईंनी माझ्याकडे पाहिले. बादल पलीकडे गेला, बायकांना उतरवून परत आला आणि पुन्हा माणसे भरून गेला. बकरी मात्र उतरायला तयार नव्हती. ती प्रत्येक फेरीला त्याच्यासोबत येई आणि आमच्याकडे टक लावून पाही.

तिसऱ्या फेरीला एक घटना घडली, तिचे श्रेय मला कोणी दिले नाही. बोटीच्या तळाशी थोडे पाणी झिरपले होते. इंजिन ओढायला लागणारी ताकद बॅटरीत नव्हती, पण पंपाला लागतो तेवढा ओलावा शिल्लक होता आणि पंप तर मी थेट जोडलेला! तो आपोआप सुरू झाला आणि बोटीच्या कडेने पाण्याची सुरेख धार निघाली. ती नेमकी बकरीवर पडली. बकरीने उडी मारली ती थेट आमच्या बोटीत, शेठजींच्या हरभऱ्याच्या पोत्यावर. बादल ओरडला, “माही बकरी!” रंगूबाई म्हणाल्या, “आता तुले हे बोट न्याच लागते काठाले. बकरी तुही हाय ना?” अशा रीतीने बादलने दोर बांधून आम्हाला ओढत आणले. मी मात्र शेवटपर्यंत सर्वांना सांगत होतो, की तांत्रिक दृष्टीने पाहता आपल्याला माझ्या पंपाने वाचवले आहे.

काठावर सगळे गाव जमले होते.  गोविंदाने दिव्यांच्या माळा सोडवून, हातावर गुंडाळून पिशवीत घातल्या आणि बायकोच्या हाती दिल्या. ती हळदकुंकवाचे ताट अजून हातात धरून उभी होती. साडूभाऊ, मला या पत्रात सर्व काही क्रमाने आणि मुद्देसूद लिहायचे होते, पण या ठिकाणी मुद्दा सापडत नाही. दोष गोविंदाचा नव्हता. त्याने आयुष्यभर जोडण्याचे काम केले, त्याच्या हातात ‘विलग’ हा शब्द मी दिला. शब्द माझा होता, पट्टी लावून सुवाच्य काढलेला. मी हे सरपंचांना सर्वांसमोर सांगितले. फार थोडक्यात सांगितले. तुमच्या मेहुणीबाईंचे म्हणणे, की लग्नानंतर असे प्रथमच घडले.

रंगूबाईंनी विचार केला. मग चुलीतला कोळसा मागवला, बोटीत चढल्या आणि माझ्या ‘उभय’वर काट मारून ‘दोन्ही’ आणि ‘विलग’वर काट मारून ‘बंद’ असे लिहिले. ‘प्रथम’ आणि ‘द्वितीय’ यांचे अनुक्रमे ‘एक’ आणि ‘दोन’ झाले. चार शब्द लिहायला त्यांना अर्धे मिनिट लागले आणि एकाही माणसाने शंका विचारली नाही. नंतर म्हणाल्या, “या सोमवारी आखरी मौका. चालली, त गोविंदाची. नाई चालली, त बादलची. अन् सर, तुमी काठावरच बसजा.” हा निर्णय मला मान्य आहे. गोविंदाने तर वल्हीही तयार केली आहेत. दोष एवढाच राहिला आहे, की सोमवारी बोटीवर जळका अल्टरनेटर असेल. इंजिन सुरू होईल, पण बॅटऱ्यांना पोटभर मिळणार नाही आणि परतीच्या फेरीला पुन्हा तोच ‘टक्’ ऐकू येण्याचा संभव आहे. नवा मागवला, तर तो पुढच्या आठवड्यात येतो. यावर मी फार विचार केला. त्या विचाराचे फळ खाली येईलच.

सौ. अक्कांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद आणि पांढऱ्या बैलाच्या पाठीवरून माझ्या नावाने हात फिरवावा. तुमच्या थोर मनाविषयी मला पूर्वीपासून खात्री आहे आणि ती आज विशेष आहे.

आपला, काठावर बसण्याची शिक्षा झालेला साडू,
शालिग्राम

ता. क. १: वर ज्या उदार मनाच्या नातेवाइकाचा उल्लेख केला, ते तुम्ही. तुम्ही बारशाला मेहकरला गेला होतात, तेव्हा मी आणि गोविंदा केनवडला येऊन गेलो. ट्रॅक्टरला बॅटरीवाचून उघडे ठेवणे बरे दिसेना, म्हणून गोविंदाकडे पडून असलेली दुसरी जुनी, निकामी बॅटरी त्या जागी नीट बसवली. तिच्यावर तांबड्या रंगात ‘गो.’ असे लिहिले आहे. मिस्त्रीला ते कंपनीचे नाव वाटले असावे. त्याचे निदान बरोबर होते. त्याला चहा पाजावा.

ता. क. २: तुमची बॅटरी चार्ज करून उत्तम स्थितीत आहे. मंगळवारी मी स्वतः आणून बसवीन आणि सोबत ट्रॅक्टरसाठी एक स्विच विनामूल्य देईन. अक्षरे तुम्ही सांगाल ती.

ता. क. ३: आता शास्त्राचा एक अखेरचा मुद्दा. डिझेल इंजिन एकदा उतारावरून सुरू झाले, की त्याला विजेची गरज नसते. हे तुमचा ट्रॅक्टर रोज सिद्ध करतो आहे, त्यामुळे तुमची पेरणी अडत नाही. त्याच्यावरचा अल्टरनेटर मात्र सध्या एका मेलेल्या बॅटरीला दिवसभर जेवू घालतो आहे. असे चांगले यंत्र निष्कारण श्राद्ध घालत बसावे, हे माझ्या मनाला पटेना. तो सोमवारपुरता हवा आहे.

ता. क. ४: तुमच्या वाचनाच्या वेगाने हे पत्र येथपर्यंत यायला चाळीस मिनिटे लागतात. अल्टरनेटर सोडवायला, गोविंदाचा हात पाहता, पस्तीस. तेव्हा आता मागे वळून पाहण्यास हरकत नाही. शेडमध्ये गोविंदा दिसला नाही, तर तो मालेगावच्या एसटीत बसून मेडशीकडे निघाला आहे, असे समजावे. तो अजून तिथेच दिसला, तर एखादा नट अडकला असणार. कृपया थोडे रॉकेल त्याच्याजवळ द्यावे आणि हे पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचायला घ्यावे.